चार नंबरचा राखीव सिलेंडर

हिमांशूचं वाटोळं व्हावं असं मला एक वर्ष आणि एक महिना रोज वाटत होतं. सकाळी सायकलला पायडल मारताना वाटायचं, दुपारी डबा उघडताना वाटायचं. सुडाच्या बाबतीत मी आळशी नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला बिचारी म्हणायला नको.

मी अल्का. गाव दवनीवाडा. बाप रत्नपाल गोंदियाच्या राइस मिलमध्ये पोती उचलायचा आणि मी दवाखान्यात नोकरी करते हे रस्त्यात भेटेल त्याला जयभीम घालून सांगायचा. बारावी सायन्स झाल्यावर मी सहा महिन्यांचा एक कोर्स केला आणि २००६ साली डॉक्टर नंदलाल यांच्याकडे लागले. साहेब भूल द्यायचे. त्यांचा स्वतःचा दवाखाना नव्हता. गोंदियात ज्या सर्जनकडे ऑपरेशन असेल तो साहेबांना फोन करायचा आणि साहेब पेटी घेऊन तिथं जायचे. भुलीचं मशीन मात्र त्या त्या दवाखान्याचं. म्हणून मी तासभर आधी सायकलनं पुढे जायची. ऑक्सिजनचा चालू सिलेंडर बघायचा, राखीव सिलेंडर उघडून काटा किती चढतो ते बघायचं, नळ्या कुठे गळतात का, घशातली लाळ खेचणारं सक्शन ओढतं का, सगळं तपासून ठेवायचं. साहेब येईपर्यंत सगळं हाताशी तयार पाहिजे.

अकरा दवाखाने होते. अकरांपैकी चारपाच मशीन अशी होती की त्यांच्यावर माझी सायकलसुद्धा भरवशाची वाटावी. पहिल्याच महिन्यात एका ठिकाणी राखीव सिलेंडर उघडला तर काटा जागचा हलला नाही. मी धावत साहेबांकडे गेले. साहेब हात धूत होते. म्हणाले, "लिहून ठेव. बोलू नको. आज बोललो तर उद्या त्याचा फोन दुसऱ्याला जाईन."

धंद्याची रीतच ती होती. मशीन सर्जनचं, बोलावणार सर्जन, मग त्याच्या मशीनला नाव कोण ठेवणार? साहेबांच्या पेटीत पेशंटला श्वास द्यायची, हातानं दाबायची पिशवी असे, तिच्यावर आमचा भरवसा. मी एक जाड रजिस्टर घेतलं आणि लिहायला लागले. तारीख, दवाखाना, काटा, गळती. दवाखान्यांची नावं लिहिली नाहीत, एक ते अकरा आकडे दिले. कोणता आकडा कोणाचा, ते फक्त मला माहीत होतं.

त्यानंतर वर्षभरानं साहेबांचा पुतण्या हिमांशू आला. बी.एस्सी., अंगाला सेंट, आणि गाडी चालवायची हौस. तोही साहेबांचा सहायक म्हणवायचा. ऑपरेशन थिएटरात, म्हणजे ओटीत, तो पेशंट झोपल्यावर यायचा आणि पेशंट उठायच्या आत जायचा.

२००८ च्या नोव्हेंबरात साहेब आम्हा दोघांना नागपूरला भूलतज्ज्ञांच्या परिषदेला घेऊन गेले. गाडीत साहेबांनी समजावलं, "लेक्चर मी ऐकतो. तुम्ही ओळखी करा. जेवणाच्या रांगेत करा, स्टॉलवर करा. आपलं नाव सांगायचं, काम सांगायचं, समोरच्याचं विचारायचं. पुढे ह्याच ओळखी कामी येतात." मी सडक अर्जुनीपासून ती तीन वाक्यं मनात घोकत होते. झेरॉक्सच्या दुकानातून पत्त्याच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या होत्या, अल्का, भूल सहायक, गोंदिया, खाली मोबाईल नंबर. भूल सहायकाचं शिक्षण मला अजून मिळालेलं नव्हतं, पण व्हायचं तेच होतं, म्हणून आधीच छापून टाकलं.

सकाळभर मला कोणी विचारलं नाही. तिथं सगळे एकमेकांचे बॅचमेट. मी दिसले की लोक मला रिकामी कपबशी द्यायचे. दोनदा मी ती घेतलीसुद्धा. शेवटी जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे डॉक्टर प्रेमिला आल्या. नागपूरच्या एका मोठ्या धर्मादाय दवाखान्यात त्या भूल विभागाच्या प्रमुख होत्या आणि तिथं सहायकांना वर्षभराचं शिक्षण देतात हे मला माहीत होतं. मी तीन वाक्यं बोलले. चौथं आपसूक निघालं, की मी अकरा मशीनचं रजिस्टर ठेवते. बाईंच्या हातातला चमचा थांबला. "किती दिवसांपासून?" त्यांनी विचारलं. "दोन वर्षं," मी म्हटलं आणि पिशवीतून रजिस्टर काढायला लागले.

तेवढ्यात हिमांशू मध्ये आला. माझ्या हातातून रजिस्टर घेतलं, हसला आणि बाईंना म्हणाला, "नमस्कार मॅडम. ही आमच्याकडे ओटी पुसायला आहे. रजिस्टर मी मेंटेन करतो. आइए ना, बसून बोलू."

बाई त्याच्याबरोबर गेल्या. मी गुलाबजामची वाटी हातात धरून तिथंच उभी राहिले. ती वाटी त्याच्या पांढऱ्या शर्टावर ओतावी असं वाटलं आणि ओतली नाही. का ओतली नाही, याचा राग मला त्याच्यावरच्या रागाइतकाच आला. परतताना गाडीत मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, तुझ्या नावानं कोण घेईन ते? मी सांगितलं म्हणून तरी मॅडमनं पाहिलं." रजिस्टर त्यानं चार दिवसांनी परत दिलं, पान न् पान झेरॉक्स करून.

पुढच्या परिषदेचा मान गोंदियाला मिळाला. डिसेंबर २००९. साहेब संयोजक. आणि पत्रकात छापून आलं, की यंदा सहायकांचं वेगळं सत्र होईल, ज्याचं सादरीकरण सगळ्यांत चांगलं त्याला डॉक्टर प्रेमिलांच्या विभागात वर्षभराचं शिक्षण, राहण्यासकट. एका डॉक्टरकडून एकच सहायक, वय पंचवीसच्या आत. मला जानेवारीत पंचवीस पूर्ण होत होती. म्हणजे जी काही संधी होती ती ही एवढीच.

साहेबांनी हिमांशूच्या अर्जावर सही केली. विषय, ग्रामीण भागातील भूल यंत्रांची पाहणी. मी साहेबांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, ते काम माझं आहे. साहेब कागदातून मान वर न करता म्हणाले, "त्याले इंग्रजी येते. तू पुढच्या वर्षी जा."

"पुढच्या वर्षी माझं वय नाही बसत साहेब."

"मग काय करू मी आता?" ते म्हणाले, आणि परिषदेचं जेवण कोणाकडून मागवायचं ते बघायला लागले.

त्या आठवड्यात मी जेवले कमी आणि विचार जास्त केला. रजिस्टर लपवून उपयोग नव्हता, जुन्या पानांची झेरॉक्स त्याच्याकडे होतीच आणि पुढची पानं साहेबांनी त्याला काढून दिली होती. रडून उपयोग नव्हता, ते मी करून पाहिलं होतं. मग एका दुपारी हिमांशू स्वतःच माझ्याकडे आला. म्हणाला, "अल्का, एक काम आहे. सुरुवातीला आभाराची स्लाइड टाकून राहिलो. सगळ्या सर्जन लोकांचे नाव पाहिजे. उद्घाटनाला सगळेच येऊन राहिले. नाव पडद्यावर दिसलं का खूश होतात."

तो चुकत नव्हता. आमच्या गोंदियात लग्नपत्रिकेपासून क्रिकेटच्या बॅनरपर्यंत माणूस आधी आपलं नाव शोधतो, मग मजकूर वाचतो. हिमांशूला ओळखी करायची कला येत होती हे मला मान्य आहे. मशीन मात्र त्यानं कधी उघडून पाहिलं नव्हतं, आणि माझ्या रजिस्टरमधला चार नंबर म्हणजे एक खरोखरचा दवाखाना आहे, त्यात खरोखरची माणसं झोपतात, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. त्याच्यासाठी ते नुसते आकडे होते.

मी त्याला नावं सांगितली. एक, दोन, तीन करत, माझ्या रजिस्टरच्या क्रमानं.

"नंबर टाकू का समोर?" त्यानं विचारलं.

"टाका ना," मी म्हटलं. "नंबर टाकले का बरं दिसते. आणि मागेपुढे करू नका, नाहीतर कोणाले राग येईन."

एवढंच. मी खोटं काही बोलले नाही, कुठला आकडा बदलला नाही. त्या दिवशी घरी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

परिषदेच्या दिवशी सकाळी आठला साहेबांनी मला डॉक्टर शालीकराम यांच्या दवाखान्यात पाठवलं. दुपारी तीनला तिथं हर्नियाचं ऑपरेशन होतं, परिषदेच्या गडबडीत वेळ मिळणार नाही म्हणून मशीन सकाळीच बघून ठेवायचं होतं. गोंदियातला सगळ्यांत मोठा सर्जन, आणि माझा चार नंबर. राखीव सिलेंडर उघडला. काटा शून्यावर. मी नेहमीसारखी रजिस्टरमध्ये नोंद केली आणि सायकल काढून परिषद होती त्या हॉटेलवर गेले. आज कसं होतं ते बघायची मला घाई होती.

बाराच्या सुमाराला सहायकांचं सत्र सुरू झालं. पहिल्या दोन रांगांत शहरातले सर्जन गळ्यात उद्घाटनाचे हार घालून थांबले होते, कारण नंतर जेवण होतं. मंचावर परीक्षक म्हणून डॉक्टर प्रेमिला. मी शेवटच्या रांगेत. हिमांशू कोट घालून आला आणि आभाराची स्लाइड लावली. अकरा नावं, समोर ठळक आकडे. पुढच्या रांगांत माना वर झाल्या. एकेक जण आपलं नाव शोधत होता आणि सापडलं की मागे टेकून बसत होता. डॉक्टर शालीकराम शेजाऱ्याला कोपरानं ढोसून दाखवत होते. टाळ्यासुद्धा झाल्या. मला इतकं सुख आयुष्यात आधी कधी झालं नव्हतं आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

मग त्यानं माझ्या रजिस्टरवरून केलेला तक्ता लावला. दवाखाना क्रमांक, किती वेळा तपासला, राखीव सिलेंडर किती वेळा रिकामा, सक्शन किती वेळा बंद. एक ते अकरा. हिमांशू इंग्रजी मिसळून वाचत सुटला. "सेंटर नंबर फोर, एकतीस वेळा तपासलं, तेवीस वेळा रिकामा." पुढच्या दोन रांगांत लोक पुढे सरकून पडदा वाचायला लागले. प्रत्येकाला आपला आकडा पाठ होता, आत्ताच तर कौतुकानं वाचला होता. सात नंबरवाल्यानं हार काढून मांडीवर ठेवला.

डॉक्टर शालीकराम उठून उभे राहिले. आवाज चढवला नाही. "एक मिनट. ये चार नंबर तो हमही हैं ना?"

हिमांशूनं पडद्याकडे पाहिलं. मागची स्लाइड त्याला तेव्हा आठवली असावी. त्याचं तोंड उघडं राहिलं आणि सेंटवाल्या त्या माणसाला दरदरून घाम फुटला. मी एकही थेंब नजरेतून सुटू दिला नाही.

"सर, वो... नंबर का मतलब..."

"हमारी बदनामी करने को बुलाया क्या हमको?"

पाच-सहा जण एकदम बोलायला लागले. डॉक्टर प्रेमिलांनी माइक जवळ ओढला आणि विचारलं, "हे मोजमाप कोणी केलं?" अर्जावर त्याचं नाव होतं, सही होती. तरी त्यांनी विचारलं.

"मी नाही केलं मॅडम," हिमांशू म्हणाला. "आमच्याकडे अल्का म्हणून आहे. तिनंच केलं सगळं, तीन वर्षं. रजिस्टर तिचं आहे. मी फक्त वाचून राहिलो."

भर सभेत, माइकवर, त्याच्या स्वतःच्या तोंडून. मी उठून उभी राहिले. 

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या तेव्हा साहेब मंचाच्या कडेवरून पुढे आले. चेहरा पांढराफटक. त्यांचे अकराच्या अकरा फोन त्या हॉलमध्ये बसले होते. त्यांनी हसून सगळ्यांना हात जोडले. "साहेब लोक, लडकी है. गेजचा काटा वाचता येत नाही तिला. अंदाजे लिहिलं असेल. अल्का, सांग बरं सगळ्यांना, चुकून झालं म्हणून."

त्यांनी मला वाट करून दिली होती. हो म्हटलं असतं तर हिमांशू बुडाला असता आणि मी वाचले असते, नोकरीसकट. बाबाला मिलमध्ये मान वर करून फिरता आलं असतं. पण तेवीस वेळा मी तो काटा डोळ्यांनी पाहिला होता, आणि मला वाचता येत नाही हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी चालत माइकपर्यंत गेले.

"मले गेज वाचता येते," मी म्हटलं. "आकडे बरोबर आहेत. साहेबांनीच सांगितलं होतं, लिहून ठेव, बोलू नको. आणि चार नंबरचा आज सकाळीबी रिकामा होता. मी आठ वाजता पाहून आली."

पुढे कोण काय बोललं ते मला नीट आठवत नाही. खुर्च्या सरकल्या, सर्जन लोक तणतणत बाहेर गेले, जेवण लवकर वाढायला सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "उद्यापासून येऊ नको." हिमांशू लॅपटॉपची वायर गुंडाळत होता आणि त्याला ती गुंडाळता येत नव्हती.

डॉक्टर प्रेमिलांनी मला मंचामागे बोलावलं. रजिस्टर मागितलं. उभ्या उभ्या पानं उलटली, पंधरा-वीस मिनिटं. म्हणाल्या, "माझ्या शिकलेल्या मुलांनी असं काम केलेलं मी पाहिलेलं नाही." मला वाटलं, झालं. नागपूरची जागा माझी. मी मनात सामान बांधायला घेतलं.

मग त्यांनी शेवटचं पान उघडलं. "आज सकाळी रिकामा होता म्हणालीस. आज तिथं ऑपरेशन आहे?"

"आहे. तीन वाजता. हर्निया."

"सकाळी आठ वाजता कोणाला सांगितलंस?"

"आता सांगितलं ना माइकवर."

"आता त्या मुलाला पाडायला सांगितलंस," बाई म्हणाल्या. "आठ वाजता कोणाला सांगितलंस?"

त्यांनी मागची पानं चाळली, तेवीसच्या तेवीस नोंदींवर बोट ठेवत गेल्या. "ह्या दिवशी? ह्या दिवशी?" प्रत्येक तारखेला तिथं कोणीतरी टेबलावर झोपलेलं होतं. त्यांची नावं मी कुठे लिहिली नव्हती. साहेबांची पिशवी होती म्हणून सगळे उठून घरी गेले, एवढंच.

"बोलले असते तर साहेबांना फोन आला नसता," मी म्हटलं.

"रिकामा सिलेंडर दिसला की ओरडणारं माणूस मला पाहिजे," त्या म्हणाल्या. "तू लिहून ठेवतेस, आणि ते तुझ्या उपयोगी पडेल त्या दिवसापर्यंत थांबतेस. आत्ता दीड वाजलाय. तीनला ऑपरेशन. मग तू इथं काय करते आहेस?"

त्यांनी रजिस्टर माझ्या हातात दिलं आणि त्या निघून गेल्या. ती जागा संध्याकाळी भंडाऱ्याच्या एका मुलाला जाहीर झाली, असं मला नंतर कळलं. त्या क्षणी मला बाईंचा हिमांशूपेक्षा जास्त राग आला. एसी ऑफिसात बसून ओरडायला काय जातं, असं मी जिन्यावरून उतरताना मोठ्यानं म्हटलं. सायकलचं कुलूप काढताना परत म्हटलं. पण त्या तेवीस तारखा काही केल्या डोक्यातून जाईनात.

शालीकराम यांच्या दवाखान्यात पोचले तेव्हा दोन वाजत आले होते. सिस्टर देवकाबाई ओटीच्या दारातच भेटली. तिला बातमी कळली होती. "तू आत नको येऊ वो. शालीकराम साहेबाचा फोन आला होता."

"सिलेंडर बदलला काय?"

"भरलेला येते म्हणते संध्याकाळपर्यंत. साहेब म्हणले, घ्या करून, रोजच करतो."

बाकावर एक म्हातारी बसली होती, मांडीवर नवऱ्याचा सदरा आणि चप्पल. केशोरीहून आलेले, मनिराम आणि रुख्माबाई. मनिराम पलीकडच्या खोलीत हिरवा गाऊन घालून झोपला होता. मी तिच्यापुढे खाली बसले.

"मावशी, आत मशीनचा एक सिलेंडर रिकामा आहे. चालू आहे तो संपला तर हवा द्यायले दुसरा नाही. भरलेला येईपर्यंत काकाले आत नेऊ देऊ नका."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू कोन आहेस वो बाई?"

"भुलीच्या डॉक्टरकडे होती. आजच काढलं."

"मग कायले सांगून राहिली? तुले काढलं म्हणून?"

तिला खेड्यातली अडाणी समजणाऱ्यांची मला कीव येते. मी म्हटलं, "त्यासाठीबी सांगून राहिली. पण सिलेंडर खरंच रिकामा आहे. सिस्टरले विचारा."

रुख्माबाईनं देवकाबाईकडे पाहिलं. देवकाबाईनं नजर खाली केली. म्हातारीनं चप्पल बाकाखाली सरकवली, सदरा खांद्यावर टाकला आणि ओटीच्या उंबऱ्यावर जाऊन बसली, पाय दोन्हीकडे पसरून. मी तिच्या शेजारी बसले. डॉक्टर शालीकराम यांची गाडी फाटकातून आत आली तेव्हा आम्ही दोघी दारातच होतो.